शब्दवेध : शिकारीतील अपघातांची चारशे वर्षे

वाल्मीकींच्या अयोध्याकांडात मरणासन्न दशरथ कौसल्येला आपल्या तरुणपणातली एक हकीकत सांगतो. पावसाळ्याचे दिवस, रात्रीची वेळ, शरयूचा काठ. नुसत्या आवाजावरून नेम साधणारा धनुर्धर म्हणून त्या राजपुत्राची ख्याती होती आणि त्या ख्यातीचा त्याला अभिमानही होता. अंधारात पाण्याचा आवाज आला. हत्ती पाणी पितो आहे असे वाटून त्याने बाण सोडला. तो आवाज घडा बुडवणाऱ्या एका तरुण तपस्व्याचा होता.

ही कथा आपण लहानपणापासून श्रावणबाळाची, मातृपितृभक्तीची कथा म्हणून ऐकत आलो. आयुष्यभर इतिहास शिकवल्यामुळे असेल, पण मला तिच्यात शिकारीतल्या एका अपघाताचा नेमका जबाबही दिसतो. अपुरा प्रकाश, न दिसलेले लक्ष्य, ओळखीचा वाटलेला आवाज आणि स्वतःच्या कौशल्यावरचा गाढ विश्वास. महाभारताच्या मौसलपर्वात जरा नावाचा व्याध झाडीत पहुडलेल्या श्रीकृष्णाला हरीण समजून बाण मारतो, तिथेही हेच. आपल्या दोन्ही महाकाव्यांत शिकाऱ्याच्या चुकीने एवढे मोठे वळण यावे, ही विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

हा विषय दिवाळी अंकात कशाला, असे काहींना वाटेल. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार जवळजवळ संपली. त्यामुळे आपल्या पिढीला ती ठाऊक आहे ती गोष्टींतून आणि जुन्या वाड्यांच्या भिंतींवरच्या शिंगांमधून. बंदुकीशी संबंध आलाच तर खंडेनवमीच्या शस्त्रपूजेपुरता. पण इथे, न्यू इंग्लंडमध्ये, आपले फराळाचे डबे रिकामे होता होता हरणांच्या शिकारीचा हंगाम रंगात येतो. आपल्यापैकी कितीतरी जणांची घरे आता रानाच्या कडेला आहेत. शेजारी शिकारीला जातात, मुलांच्या मित्रांच्या घरी बंदुका असतात. ज्या समाजात आपण राहतो त्याने या अपघातांकडे कसे पाहिले आणि ते कमी कसे केले, हे आपल्याला ठाऊक असायला हवे.

दोष मेलेल्याचा

२४ जुलै १६२१. इंग्लंडमधल्या हॅम्पशायर परगण्यातले ब्रॅम्सहिल. कँटरबरीचे आर्चबिशप जॉर्ज ॲबट, म्हणजे इंग्लंडच्या चर्चमधले सर्वोच्च धर्माधिकारी, लॉर्ड झूश यांच्या रानात क्रॉसबो घेऊन शिकारीला गेले होते. त्यांनी हरणावर नेम धरला, पण बाण लागला तो रानाच्या रखवालदाराच्या दंडाला. रक्तस्राव होऊन तो तासाभरात मरण पावला.

मृत्यूची चौकशी करणाऱ्या पंचांनी निर्णय दिला की हा दुर्दैवाने घडलेला मृत्यू असून दोष रखवालदाराचा स्वतःचा आहे. बाजूला राहा, असे त्याला आधीच बजावले होते, असा त्यामागचा युक्तिवाद होता. आर्चबिशपांच्या हाताला रक्त लागल्यावर ते धर्मकार्याला पात्र राहतात का, असा वेगळाच वाद पुढे उभा राहिला. नव्याने नेमलेल्या काही बिशपांनी त्यांच्या हस्ते दीक्षा घ्यायला नकार दिला. पहिल्या जेम्स राजाने चौकशी मंडळ नेमले आणि वर्षअखेर ॲबटना माफीपत्र दिले. ॲबटनी रखवालदाराच्या विधवेला वार्षिक तनखा बांधून दिला आणि उरलेले आयुष्य दर महिन्याला एका मंगळवारी उपास केला. अपघात मंगळवारी झाला होता.

यातले दोन धागे लक्षात ठेवू. व्यवस्थेने दोष मृतावर टाकला. ज्याच्या हातून घडले त्याच्या मनाने मात्र तो निवाडा कधी मानला नाही.

भिंतीवरची बंदूक

बाण सोडायला हात लागतो. बंदुकीचे तसे नाही. घोडा चढवून ठेवलेली बंदूक पडली, आपटली, काटक्यांत अडकली, तरी उडू शकते.

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे जॉन हॅनिंग स्पीक. बंगालच्या फौजेतला हा अधिकारी हिमालयात आणि तिबेटच्या सीमेवर वर्षानुवर्षे शिकार करून तयार झालेला. १८५८मध्ये त्याने व्हिक्टोरिया सरोवर पाहिले आणि नाईलचा उगम हाच, असे जाहीर केले. त्याचा एकेकाळचा सहकारी रिचर्ड बर्टन याला ते मान्य नव्हते. हा बर्टन मुंबईच्या फौजेतला. नोकरीच्या काळात हिंदुस्थानी, गुजराती यांबरोबर मराठीचीही परीक्षा उत्तीर्ण झालेला. दोघांचा जाहीर सामना १६ सप्टेंबर १८६४ रोजी बाथ शहरात, ब्रिटिश असोसिएशनच्या सभेत व्हायचा होता.

आदल्या दिवशी दुपारी स्पीक जवळच्याच नेस्टन पार्क इथे नातेवाइकाबरोबर तितर मारायला गेला. चारच्या सुमारास तो दगडांच्या एका बुटक्या, जेमतेम दोन फूट उंचीच्या भिंतीवरून पलीकडे जात होता. बंदुकीचा आवाज झाला. डाव्या काखेखाली गोळी घुसून थोड्याच वेळात तो गेला. वय ३७.

पुढे अनेकांनी आत्महत्येची शंका घेतली. बर्टनच्या बाजूच्या मंडळींना ती सोयीचीही होती. पण चौकशीत नोंदवलेला बंदुकीचा तपशील मला जास्त बोलका वाटतो. ती लँकेस्टर बनावटीची, मागच्या बाजूने काडतूस भरायची दुनळी बंदूक होती आणि तिला सुरक्षेचा खटका नव्हता. एक नळी उडालेली होती, दुसरीचा घोडा अर्ध्यावर होता. घोडा अर्ध्यावर ठेवणे म्हणजे बंदूक सुरक्षित ठेवणे, असे त्या काळचे शिकारी मानत. पण तो घोडा एका छोट्याशा खाचेच्या आधारावर उभा असतो. खाच झिजलेली असली किंवा घोड्याला जोराचा हिसका बसला, तर तो सुटतो.

इथे सवयीचा भागही आहे. जुन्या ठासणीच्या बंदुकीत दारू आणि शिसे तोंडाकडून ठासावे लागे. एकदा भरलेली बंदूक रिकामी करायचा सोपा मार्ग म्हणजे ती उडवणे. म्हणून शिकारी दिवसभर भरलेली बंदूक घेऊनच कुंपणे आणि ओढे ओलांडत. मागून भरायची बंदूक इंग्लंडमध्ये रुळली ती १८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनानंतर. तिच्यातली काडतुसे दोन क्षणांत काढता येतात. स्पीकच्या हातात नवे यंत्र होते, पण भिंत ओलांडण्याची रीत जुन्या यंत्राच्या काळातली होती. ‘कुंपणाशी आलात की बंदूक उघडा, काडतुसे काढा, मगच पाय उचला’ हा आज प्रत्येक शिकाऱ्याला पहिल्या दिवशी शिकवला जाणारा नियम तेव्हा अंगवळणी पडलेला नव्हता.

यंत्र सुधारत राहिले. १८७५मध्ये बर्मिंगहॅमच्या ॲन्सन आणि डीली या कारागिरांनी बाहेरचा घोडा नसलेली बंदूक काढली. काटक्यांत अडकायला बाहेर काही उरलेच नाही. १९०२मध्ये मार्क बोफॉय या माजी ब्रिटिश खासदाराने मुलाच्या हाती बंदूक देताना सुरक्षेचे नियम पद्यात लिहून दिले आणि ते पद्य पुढे इंग्लंडमधल्या कितीतरी घरांत बंदुकीबरोबरच मुलांना मिळू लागले. तरीही नोव्हेंबर १९१३मध्ये वेलबेक ॲबी इथे ड्यूक ऑफ पोर्टलंड यांच्याकडे शिकारीला आलेल्या ऑस्ट्रियाच्या एका पाहुण्याच्या अगदी जवळून दोन बार गेले. बंदूक भरून देणारा नोकर पाय घसरून पडला, एवढेच कारण. पाहुण्याचे नाव आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड. सात महिन्यांनी सारायेव्होत त्याची हत्या झाली आणि महायुद्ध पेटले. त्या दिवशी बार लागला असता तर काय झाले असते, हा प्रश्न ड्यूकनी आपल्या आठवणींत विचारला आहे. इतिहासकाराने त्याचे उत्तर द्यायच्या भरीस पडू नये.

शिकाऱ्यांची शाळा

अमेरिकेत शिकार कधीच फक्त राजेरजवाड्यांची नव्हती. शेतकरी, कारखान्यातला कामगार, शाळामास्तर, कोणीही रानात जाई. दुसऱ्या महायुद्धानंतर हाती पैसा, मोटार आणि सुटी आल्यावर शिकाऱ्यांची संख्या फुगली आणि अपघातही वाढले. मग एक साधा विचार पुढे आला : मोटार चालवायला परवाना आणि परीक्षा लागते, मग बंदुकीला का नको? १९४६मध्ये केंटकी राज्याने शिकाऱ्यांसाठी शिक्षण सुरू केले. १९४९मध्ये न्यूयॉर्कने तरुण शिकाऱ्यांना ते सक्तीचे केले. असे करणारे ते पहिले राज्य.

पैशाची सोय जुन्याच एका कायद्याने झाली. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार शिकारीच्या बंदुका आणि काडतुसे यांवर ११ टक्के केंद्रीय कर बसतो आणि तो वन्यजीवांसाठी राज्यांना वाटला जातो. १९७०च्या दुरुस्तीने या निधीचा काही भाग शिकाऱ्यांच्या शिक्षणावर खर्च करायला मुभा मिळाली. म्हणजे बंदुकीच्याच पैशातून बंदुकीची शिस्त.

वर्गात शिकवतात ते नियम बोटांवर मोजण्याइतके आहेत. प्रत्येक बंदूक भरलेली आहे असेच समजा. ज्याचा नाश करायचा नाही त्याच्या दिशेने नळी कधीही नेऊ नका. नेम पक्का होईपर्यंत बोट चापावर ठेवू नका. आणि लक्ष्य काय आहे, त्याच्या मागे काय आहे, हे ठाऊक असल्याशिवाय गोळी झाडू नका. यातले मर्म असे की हे नियम एकावर एक पांघरूण घातल्यासारखे आहेत. एक मोडला तरी दुसरा जीव वाचवतो. बंदूक चुकून उडाली, पण नळी जमिनीकडे होती, तर माती उडते, माणूस मरत नाही.

न्यूयॉर्क राज्यात १९६०च्या दशकात दर लाख शिकाऱ्यांमागे वर्षाला सुमारे १९ जणांना गोळी लागण्याच्या घटना घडत. अलीकडच्या काळात हा आकडा एकेरी झाला आहे. रान तेच, बंदुका अधिक शक्तिमान, तरी ही घट. याचे श्रेय शिक्षणाला जाते आणि एका रंगालाही.

नारिंगी

शिकारी पूर्वी लाल टोपी, लाल डगला घालत. पण सांज झाली की लाल रंग सर्वांत आधी काळवंडतो. शिवाय युरोपीय वंशाच्या दर शंभर पुरुषांत सुमारे आठ जणांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. म्हणजे हरणांच्या हालचालीच्या वेळी, पहाटे आणि सायंकाळी, लाल डगलेवाला माणूस तपकिरी दिसू लागतो.

उपाय निघाला तो कॅलिफोर्नियातल्या बॉब आणि जो स्विट्झर या भावांच्या उद्योगातून. १९३०च्या दशकात बॉबला कामावर अपघात झाला. डोळ्यांना विश्रांती म्हणून अंधाऱ्या खोलीत राहताना तो अतिनील प्रकाशात चमकणाऱ्या पदार्थांशी खेळू लागला आणि त्यातून भावांनी दिवसाउजेडीही झगझगणारे रंग तयार केले. दुसऱ्या महायुद्धात असे कापडी पट्टे जमिनीवर पसरत, ते आपल्याच विमानांनी आपल्याच सैनिकांवर हल्ला करू नये म्हणून. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या मॅसॅच्युसेट्सने शिकाऱ्यांना हा नारिंगी रंग सक्तीचा करण्यात पुढाकार घेतला आणि हळूहळू बहुतेक राज्यांनी तो स्वीकारला. गंमत म्हणजे हरणाच्या डोळ्यांत लाल-नारिंगी ओळखणाऱ्या पेशीच नसतात. माणसाला भगभगीत दिसणारा हा रंग हरणाला मातकट वाटतो.

पांढरे हातमोजे

आता या लेखाचा गाभा. १५ नोव्हेंबर १९८८. मेन राज्यातले हर्मन हे गाव. ३७ वर्षांची एक आई, घरात वर्षभराच्या जुळ्या मुली. कुटुंब काही महिन्यांपूर्वीच आयोवाहून तिथे राहायला आलेले. ती घरामागच्या झाडीत गेली. हातात पांढरे मोजे होते. एका शिकाऱ्याने दुर्बिणीच्या बंदुकीतून गोळी झाडली आणि ती जागीच गेली. पांढऱ्या शेपटीचे हरीण पाहिले, असे त्याने सांगितले. तो सरळमार्गी, सर्वांना हवाहवासा माणूस होता.

त्यानंतर जे झाले त्याने मेन राज्य दुभंगले. वर्तमानपत्रांत पत्रे आली : हंगामात पांढरे मोजे घालून बाहेर पडायचे? नारिंगी का घातले नाही? इथल्या रीती कळत नाहीत का? ती ‘बाहेरून आलेली’ होती, हे पुन्हा पुन्हा म्हटले गेले. दुसऱ्या बाजूने लोक विचारत होते की स्वतःच्या घरामागे उभे राहायलाही गणवेश लागतो का? पहिल्या ग्रँड ज्युरीने खटला भरायला नकार दिला. दुसरीने सदोष मनुष्यवधाचा आरोप ठेवला. १९९०मध्ये ज्युरीने शिकाऱ्याला निर्दोष सोडले.

बाहेरून येऊन नव्या गावात घर केलेल्या आपणा सर्वांना यातली बोच वेगळी सांगायला नको. १६२१च्या पंचांनी रखवालदाराला जे म्हटले, तेच १९८८मध्ये कित्येकांनी या आईला म्हटले : ती तिथे का होती?

पण या वेळी गोष्ट तिथे थांबली नाही. १९९१मध्ये मेनच्या विधिमंडळाने लक्ष्य ओळखण्याबद्दल कायदा केला. समंजस शिकारी म्हणजे कोण, हे त्यात शब्दांत बांधले आहे. प्राण्याचे डोके आणि धड स्पष्ट दिसल्याशिवाय गोळी झाडायची नाही. नुसत्या आवाजावरून तर नाहीच, पण आवाज आणि प्राण्याचा वाटणारा एखादा अवयव, एवढ्यावरूनही नाही. शेपटीसारखे काही पांढरे हलले, हे आता उत्तर होऊ शकत नाही.

हे कलम पहिल्यांदा वाचले तेव्हा मी बराच वेळ दशरथाचाच विचार करत होतो. शरयूकाठी जे कौशल्य म्हणून मिरवले गेले, तो शब्दवेध, मेनच्या कायद्याने नाव न घेता निषिद्ध ठरवला होता. जबाबदारी कोणाची, याचे उत्तर आता नि:संदिग्ध झाले. ज्याचे बोट चापावर, त्याची.

यंत्राची जबाबदारी

पण बोट चापावर नसेल तर? ऑक्टोबर २०००मध्ये मोंटाना राज्यात शिकारीहून परतलेले एक कुटुंब बंदूक रिकामी करत होते. त्या रेमिंग्टन रायफलीच्या जुन्या रचनेत गोळी काढण्यासाठी आधी सुरक्षेचा खटका मोकळा करावा लागे. आईने तो सरकवताच बार उडाला आणि घोड्यांच्या गाडीतून आरपार जाऊन पलीकडे गेलेल्या नऊ वर्षांच्या मुलाला लागला. मूल गेले. चापाला हात लावला नव्हता, असे कुटुंबाने सांगितले. त्या वडिलांनी पुढे वर्षानुवर्षे चापाच्या रचनेचा पाठपुरावा केला. रचनेत दोष असल्याचे कंपनीने नाकारले. मात्र अनेक दाव्यांनंतर झालेल्या सामूहिक तडजोडीत लाखो बंदुकांचे चाप विनामूल्य बदलून द्यायचे तिने मान्य केले.

म्हणून शिक्षक सांगतात की सुरक्षेचा खटका हे यंत्र आहे आणि यंत्र फसू शकते. नळीची दिशा मात्र तुमच्या हातात आहे. हे बरोबरच आहे. पण हा नियम पुढे करून निर्मात्याला मोकळे सोडता येत नाही, हेही तितकेच बरोबर आहे.

टेक्सासमधला एक शनिवार

११ फेब्रुवारी २००६ रोजी दक्षिण टेक्सासमध्ये अमेरिकेचे उपाध्यक्ष डिक चेनी लावे मारायला गेले होते. उडालेल्या पक्ष्यामागे बंदूक फिरवत ते वळले, समोर मावळता सूर्य होता आणि तिथेच त्यांचे सोबती, ७८ वर्षांचे वकील हॅरी व्हिटिंग्टन उभे होते. छर्रे चेहऱ्यात, मानेत, छातीत घुसले. एक छर्रा हृदयापर्यंत पोचून त्यांना सौम्य झटकाही आला. ते वाचले.

बातमी दुसऱ्या दिवशी बाहेर आली ती शेताच्या मालकिणीकडून, आणि सुरुवातीचा सूर ओळखीचा होता : व्हिटिंग्टननी आपण मागून येत असल्याची हाक दिली नव्हती. चार दिवसांनी चेनींनी दूरचित्रवाणीवर, चाप आपण ओढला, दोष दुसऱ्या कोणाचा नाही, अशी कबुली दिली. आणि रुग्णालयातून बाहेर पडताना व्हिटिंग्टननीच, उपाध्यक्षांना आणि त्यांच्या कुटुंबाला जे सोसावे लागले त्याबद्दल खेद व्यक्त केला! ॲबटच्या रखवालदारानंतर ३८५ वर्षांनीसुद्धा दोषाची सुई आधी जखमी माणसाकडेच वळली. फरक इतकाच की या वेळी ती तिथे टिकली नाही.

कबुलीचे मोल

अयोध्याकांडातला एक तपशील आपण सहसा विसरतो. दशरथ स्वतः घडा भरून त्या अंध मातापित्यांकडे जातो आणि घडले ते सांगतो. तेव्हा पिता म्हणतो की हे तू स्वतः येऊन सांगितले नसतेस, तर तुझ्या मस्तकाची शकले झाली असती. शाप टळत नाही, पण कबुलीला त्याने वेगळे मोल दिले. आजचे शिकार-शिक्षणही अशाच कबुल्यांवर उभे आहे. प्रत्येक घटना नोंदवायची, कारण शोधायचे, पुढच्या वर्गात शिकवायचे. म्हणूनच या क्षेत्रातले लोक आता ‘अपघात’ हा शब्द टाळून ‘घटना’ म्हणतात. अपघात म्हटले की तो नशिबाच्या खात्यात जातो आणि मग कोणी काही शिकत नाही.

शेवटी आपल्यापुरते काही. थँक्सगिव्हिंगच्या आसपास रानवाटांवर फिरायला जाल तेव्हा नारिंगी टोपी किंवा बंडी घाला. कुत्र्यालाही पट्टा बांधा. तपकिरी आणि पांढरे कपडे त्या दिवसांपुरते कपाटात राहू देत. हे आपल्या सुरक्षेसाठी. कोणी ते घातले नाही म्हणून त्याच्यावर झाडलेली गोळी क्षम्य होत नाही, हेही ध्यानात असू द्या. मुले मित्राकडे राहायला जाणार असतील तर ॲलर्जीबद्दल विचारतो तितक्याच सहजपणे, घरात बंदूक आहे का आणि ती कुलपात असते का, हे विचारा. समंजस शिकारी कुटुंबांना या प्रश्नाचा राग येत नाही. आणि आपल्यापैकी कोणाच्या मुलामुलीला शेजाऱ्याबरोबर रानात जायची हौस वाटलीच, तर आधी राज्याच्या वर्गात नाव घाला. तिथला शिक्षक बहुधा गावातलाच कोणी निवृत्त माणूस असेल, मोबदला न घेता शिकवणारा. त्याच्याकडून मुलाला आणखी एक गोष्ट शिकता येईल : नेम धरलेला असताना, खात्री नसेल तर बंदूक खाली घेणे.